न कुरकुरणारा कारकून

तहसील कचेरीत, जिला आमच्या पिढीची माणसे अजूनही मामलेदार कचेरीच म्हणतात, माझ्या आयुष्याची तेहतीस वर्षे गेली. आणि त्या अवधीत ज्या अनेक कारकुनांशी माझा संबंध आला त्यांत बुद्धिमान होते, मंद होते, मोत्यांसारखे अक्षर असणारे होते आणि आपले अक्षर आपल्यालाच न लागल्यामुळे टिपणीचे वाचन पुढील आठवड्यावर ढकलणारेही होते. परंतु न कुरकुरणारा कारकून मात्र मला एकही आढळला नाही. कागद हाती पडला की प्रथम कपाळाला आठी, मग चष्मा वर, मग "साहेब, यात खातेदाराच्या बापाचे नाव एका ठिकाणी विठोबा आहे आणि दुसऱ्या ठिकाणी विठ्ठल आहे, मी कोणते धरू?" असा प्रश्न, आणि त्या प्रश्नाचा उलगडा होईपर्यंत चहा. त्या काळी ही कुरकुर मला राज्यकारभाराच्या चाकात अडकलेला खडा वाटे. तो खडा नव्हता, ब्रेक होता, हे उमगायला मला पेन्शनीत जावे लागले. कारण पेन्शनीत गेल्यावर माझी गाठ प्रथमच अशा एका कारकुनाशी पडली की जो कुरकुरत नाही, चहा मागत नाही, रजेवर जात नाही, आणि ज्याने कसलाही बभ्रा न करता आमच्या वाचनालयाचे विद्यमान अध्यक्ष सभासदांच्या यादीतून नाहीसे केले.

या कारकुनाची नेमणूक माझ्या भाचीने केली. ती हिंजवडीत एका कंपनीत डेटाबेसचे काम करते. दिवाळीत ती आमच्याकडे आली तेव्हा मी ओसरीवर तीन नोंदवह्या पसरून अनुदानाच्या वार्षिक अहवालाशी झुंजत होतो. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या कायद्याखाली महाराष्ट्रातील मान्यताप्राप्त वाचनालयांचे अ, ब, क आणि ड असे चार वर्ग झालेले आहेत, आणि आपला वर्ग राखावयाचा तर सभासद किती, ग्रंथ किती, देवघेव किती, याचा हिशेब दरसाल रुजू करावा लागतो. गळ्यात पडलेले कार्यवाहपद हे गळ्यात पडलेल्या घंटेसारखे असते. आपण हलू तितका वेळ ती वाजते. भाचीने दहा मिनिटे माझी ती झुंज पाहिली आणि म्हणाली, "मामा, हे सगळं एका प्रोसिजरचं काम आहे. तुम्ही नुसत्या तारखा टाकायच्या." नुसत्या तारखा! वकील अशिलाला ‘नुसती सही करा’ म्हणतो तेव्हा जी शिरशिरी अंगावर येते, ती मला तेव्हाच यावयास हवी होती.

पहिल्या दिवशी तिने माझ्या तीन नोंदवह्यांची तीन टेबले केली. टेबल म्हणजे तिच्या भाषेत तक्ता. ज्या खात्यात मी हयात घालविली तेथे टेबलाचा महत्त्वाचा उपयोग त्याच्या खालच्या बाजूस होत असल्यामुळे हा अर्थ अंगवळणी पडायला मला थोडा वेळ लागला. एका टेबलात सभासद, त्यांचा क्रमांक आणि अनामत, दुसऱ्यात ग्रंथ आणि त्यांचे दाखलअंक, तिसऱ्यात देवघेव. आणि या तिसऱ्या टेबलात कोणाचेही नाव नाही, कोणत्याही ग्रंथाचे शीर्षक नाही. आहेत ते केवळ सभासद क्रमांक, दाखलअंक आणि तारखा. माझ्या वहीत एकाच गृहस्थाचे नाव चाळीस वेळा चाळीस प्रकारे लिहिलेले होते. येथे ते एकदाच, एकाच जागी, आणि बाकी सर्वत्र त्याचा क्रमांक.

ही शिस्त ज्या पुरुषाने घालून दिली त्याचे नाव एडगर कॉड. जन्माने इंग्रज, विद्येने गणिती आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाचा वैमानिक असलेला हा गृहस्थ पुढे कॅलिफोर्नियात सॅन होजे येथे आयबीएमच्या प्रयोगशाळेत असताना त्याने १९७० च्या जून महिन्यात एक निबंध प्रसिद्ध केला, आणि त्यात असे प्रतिपादन केले की मोठ्या दप्तरातून माहिती काढू इच्छिणाऱ्या माणसाला ती माहिती कोणत्या कपाटात, कोणत्या कप्प्यात ठेवली आहे हे ठाऊक असण्याची गरज पडू नये. शिरस्तेदाराच्या साऱ्या सामर्थ्याचा पाया नेमका याच ज्ञानावर उभारलेला असतो, हे कॉडसाहेबांच्या ध्यानात आले नसावे. किंवा आले असल्यास त्यांचा हेतू दिसतो त्याहून क्रांतिकारक होता. १९७४ साली चेंबरलिन आणि बॉइस या त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी या तत्त्वावर एक भाषा रचली आणि तिचे नाव सीक्वेल ठेवले. पण त्या नावावर एका ब्रिटिश विमान कंपनीचा आधीच हक्क असल्याचे निघाल्यामुळे त्यातील स्वर गाळून एसक्यूएल एवढेच ठेवावे लागले. उच्चार मात्र पुष्कळ लोक अजूनही गाळलेल्या स्वरांसहच करतात. नाव बदलले तरी हाक जुनीच राहते, हे सासरी नाव बदललेल्या आमच्या आत्याबाईंवरून आम्हांस माहीत होतेच.

दुसऱ्या दिवशी प्रोसिजर. हिचे मला मुळीच भय वाटले नाही, कारण ती जुनी ओळखीची निघाली. आमच्या कचेरीत छापील नोटिशींचा गठ्ठा असे: ‘श्री. —— यांस कळविण्यात येते की मौजे —— येथील गट क्रमांक —— बाबत आपण दिनांक —— रोजी कागदपत्रांसह समक्ष हजर राहावे.’ हुकूम एकदाच विचारपूर्वक लिहावयाचा, साहेबांची मंजुरी घ्यावयाची, छापून खणात ठेवावयाचा, आणि मग वर्षानुवर्षे केवळ गाळलेल्या जागा भरावयाच्या. खणात ठेवलेला हा हुकूम म्हणजे स्टोअर्ड प्रोसिजर आणि गाळलेल्या जागा म्हणजे पॅरामीटर. परिभाषाकोशात त्यास प्राचल असा शब्द आहे, पण तो मी भाचीसमोर एकदाच उच्चारला. तिला ते एखाद्या पालेभाजीचे नाव वाटले. एसक्यूएल सर्व्हर नावाच्या ज्या प्रणालीवर तिने ही योजना उभारली, तीत प्रत्येक गाळलेल्या जागेच्या नावाआधी ॲटचे ते वेटोळे चिन्ह लावतात, आणि एका प्रोसिजरला अशा २,१०० जागा ठेवता येतात. वारसनोंदीच्या अर्जाचा नमुना ज्याने सिद्ध केला त्या महात्म्यास ही संख्या अपुरी वाटेल.

या गाळलेल्या जागांचे जे सर्वांत मोठे पुण्य, ते भाचीने मला पुष्कळ इंग्रजी शब्द वापरून सांगितले, आणि ते समजताच मी खुर्चीतून उठलो. कारण ते पुण्य पुण्याच्या शनिवारवाड्यात कोणाच्या पदरी नसल्यामुळे मराठ्यांच्या राज्यावर अनर्थ ओढवला होता. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला. आणि लोककथा अशी की राघोबादादांनी गारद्यांना दिलेल्या चिठ्ठीत नारायणरावास ‘धरावे’ असे लिहिले होते, तेथे आनंदीबाईंनी ‘ध’ चा ‘मा’ केला. कथा खरी असो वा नसो, तिच्यातील धोका आजही खरा आहे. हुकूम आणि त्यात भरावयाचे नाव ही दोन्ही एकाच कागदावर एकाच शाईने सलग लिहिली, म्हणजे नावाच्या जागी लिहिता लिहिता कोणी क्रियापदालाही हात घालू शकतो. संगणकावर नावाच्या चौकटीत नावाऐवजी ‘सर्व सभासद खोडून टाकावे’ अशा अर्थाचा मजकूर लिहिणारे आधुनिक आनंदीबाईंचे वंशज जगभर आहेत. पॅरामीटर असला म्हणजे क्रियापद आधीच छापून मोहोरबंद झालेले असते. गाळलेल्या जागेत कोणी काहीही लिहो, ते नावच समजले जाते, आणि ‘सर्व सभासद खोडून टाकावे’ या नावाचा सभासद आमच्याकडे नाही एवढाच खुलासा मिळतो. मात्र प्रोसिजरच्या आतच कोणी त्या नावाचे तुकडे जोडून नवा हुकूम शिवावयास बसला, तर शनिवारवाडा पुन्हा उघडा पडतो. भाची म्हणाली, असे लिहिणारे लोक तिच्या कंपनीतही आहेत. मी त्यांची नावे विचारली नाहीत.

येथवर माझी प्रकृती उत्तम होती. पुढे मी स्वतः तारखा टाकल्या.

प्रोसिजरला दोन तारखा लागत: पासून आणि पर्यंत. त्या नावानिशी देता येतात, किंवा नुसत्या क्रमाने एकापाठोपाठ एक देता येतात. क्रमाने देण्यात अक्षरे वाचतात, आणि सरकारी नोकराला अक्षरे वाचविण्याची मुळीच सवय नसतानाही मी त्या दिवशी ती वाचविली. ‘३१ मार्च अखेर’ हा शब्दप्रयोग तेहतीस वर्षे लेखणीतून उतरलेला असल्यामुळे बोटांनी आधी ३१ मार्च लिहिला आणि मग त्यामागील वर्षाचा १ एप्रिल. म्हणजे मी त्या यंत्राला असे फर्माविले की वर्ष संपल्याच्या दिवसापासून पुढची आणि वर्ष सुरू झाल्याच्या दिवसापर्यंतची देवघेव दाखव. असा दिवस कोणत्याही पंचांगात नाही. माझ्या हाताखालचा मंदातला मंद कारकून हा कागद घेऊन माझ्याकडे परत आला असता आणि "साहेब, काल जरा जागरण झालेलं दिसतंय" असे म्हणाला असता. यंत्राने मात्र आदराने शोध घेतला आणि देवघेव शून्य असे उत्तर दिले. ते मी कार्यकारिणीत वाचून दाखविले. वर्षभरात एकाही सभासदाने एकही पुस्तक नेले नाही हे ऐकून सभेत क्षणभर स्तब्धता पसरली. आणि मग एका ज्येष्ठ सदस्याने, हल्लीच्या पिढीकडे पाहता यात नवल करण्यासारखे काय आहे, असे मत मांडून ते इतिवृत्तात नोंदवून घेतले. नावानिशी पॅरामीटर देण्याची प्रतिज्ञा मी त्या रात्री केली.

प्रतिज्ञेने सर्व संकटे टळतात असे नाही. प्रत्येक पॅरामीटरचा प्रकार आणि लांबी सांगावी लागते. आणि अक्षरांच्या पॅरामीटरची लांबी सांगावयास विसरले तर या प्रणालीत ती एक अक्षर धरली जाते, असा नियम आहे. नियम लेखी आहे, छापील आहे, दोष सर्वस्वी माझा. कारण शिकाऊ उमेदवाराच्या उत्साहाने मी एक लहानशी प्रोसिजर स्वहस्ते लिहिली होती, तिला सभासदाच्या नावाचा आरंभ दिला की त्या सभासदास थकलेल्या पुस्तकाबद्दल स्मरणपत्र निघे. मी तिला ‘दत्तात्रेय’ दिले. तिने त्यातील ‘द’ ठेवून घेतला, बाकीचा दत्तात्रेय उंबऱ्याबाहेर ठेवला, आणि याविषयी अवाक्षर न काढता गावातील यच्चयावत दशरथ, दयानंद, दमयंती आणि दत्तात्रेय यांच्या नावे ताकीदवजा स्मरणपत्रे काढली. दुसऱ्या दिवशी वाचनालयात जी गर्दी झाली तशी आमच्या वसंत व्याख्यानमालेसही कधी झालेली नाही. बहुतेक जण भांडावयास आले होते. एक दयानंद मात्र गुपचूप येऊन टेबलावर एक जीर्ण पुस्तक ठेवून, माझ्या नजरेला नजर न देता, निघून गेले. त्या पुस्तकावर शिक्का दुसऱ्याच गावच्या वाचनालयाचा होता.

त्याआधी याच दत्तात्रेयाचे नाव यंत्रात भरताना अवतरणचिन्हाच्या आधी एक ‘एन’ हे इंग्रजी अक्षर लावावयाचे राहिले होते, तेव्हा यंत्राने नागरी लिपी ओळखली नाही आणि त्या नावाच्या जागी दहा प्रश्नचिन्हे नोंदविली. त्या गृहस्थांना मी ओळखत असल्यामुळे ती नोंद मला सर्वस्वी चुकीची वाटली नाही.

आणखी एक प्रकार आउटपुट पॅरामीटरचा. प्रोसिजरकडून काही आकडा परत हवा असला म्हणजे एक रिकामे पात्र देऊन तिला पाठवावयाचे आणि ते भरून आणावयास सांगावयाचे. याची तऱ्हा थेट पोचपावतीसह रवाना केलेल्या रजिस्टर टपालासारखी आहे. प्रोसिजर लिहितानाही ‘आउटपुट’ म्हणावे लागते आणि ती चालवितानाही पुन्हा ‘आउटपुट’ म्हणावे लागते. लिहिताना विसरलात आणि चालविताना मागितलेत, तर यंत्र चक्क तक्रार करते. पण लिहिताना म्हटलेत आणि चालविताना विसरलात, तर काम होते, आकडा तयार होतो, आणि तो तुमच्यापर्यंत न येता आतल्या आत विरून जातो. पात्र जसे रिकामे दिले होते तसे रिकामेच राहते. पोस्टमनने पत्र पोहोचविले, पावतीवर सही घेतली, आणि पावती नदीत सोडली. शासकीय पत्रव्यवहाराचा ज्यांना अनुभव आहे त्यांना यात काही अपूर्व वाटणार नाही.

प्रोसिजरचा आळसही मनुष्यासारखाच असतो, हे तिच्याविषयी मला वाटलेल्या आपुलकीचे एकमेव कारण. ती प्रथम ज्या प्राचलाने चालविली जाते त्याला सोयीची अशी कामाची पद्धत ती मनाशी ठरविते आणि पुढे तीच लक्षात ठेवून चालते. पहिल्या दिवशी मी ज्योतिषविषयक ग्रंथ मागितले. ते आमच्याकडे चाळीस आहेत, तेव्हा एकेक कार्ड काढून आणण्याची पद्धत तिला योग्य वाटली. दुसऱ्या दिवशी कादंबऱ्या मागितल्या, त्या हजारोंनी. तरी ही आपली एकेक कार्डच काढून आणते आहे आणि मी पडद्यावरील गोल फिरणाऱ्या वर्तुळाकडे पाहत बसलो आहे. हिच्या जातीला आम्ही कचेरीत ‘पहिल्या साहेबाचा माणूस’ म्हणत असू.

आता जॉईन, कारण अध्यक्ष गहाळ झाले ते येथे.

जॉईन म्हणजे दोन टेबले सांधणे, आणि ही विद्या मला कोणी शिकवावी याचा मला किंचित रागच आला. सातबाराचा उतारा म्हणजे दुसरे काय आहे? गाव नमुना सात हा जमिनीवरील हक्कांचा, गाव नमुना बारा हा पिकांचा. गट क्रमांक दोहोंस समान. तो धरून दोन्ही नमुने एका कागदावर आणले की सातबारा झाला. खाते क्रमांक धरून एका खातेदाराच्या साऱ्या जमिनी एकत्र मांडल्या की आठ-अ झाला. कॉडसाहेब विमान चालवीत होते तेव्हाही आमचे तलाठी भाऊसाहेब गुडघ्यावर वही ठेवून दोन नोंदी एका क्रमांकावर सांधतच होते, आणि सांधताना जे जुळत नसे त्याच्या समोर लाल शाईने फुली मारून "हे काय लफडं आहे?" असे समासात लिहीत होते. ती लाल फुली कॉडसाहेबांनी वगळली. सातबारा आणि जॉईन यांत मला दिसलेला खरा फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

मी सभासदांचे टेबल देवघेवीच्या टेबलाशी सभासद क्रमांकावर सांधले आणि वार्षिक यादी काढली. यादी स्वच्छ, सुरेख, वर्णानुक्रमे. तीत अध्यक्ष नाहीत. उपाध्यक्ष नाहीत. देणगीदारांपैकी, ज्यांची तैलचित्रे आमच्या सभागृहात लागलेली आहेत, असा एकही नाही. साध्या जॉईनचा, ज्याला जाणते लोक इनर जॉईन म्हणतात, कायदा असा की दोन्ही टेबलांत ज्याची जोडी जुळेल तोच निकालात दिसेल. ज्याच्या क्रमांकाची देवघेवीत एकही नोंद नाही, तो सभासद असूनही दिसणार नाही. आणि आमच्या अध्यक्षांनी अकरा वर्षांच्या कारकिर्दीत वाचनालयातून एकही पुस्तक नेलेले नव्हते. यंत्राने त्यांना काढून टाकले असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. त्याने त्यांच्याविषयी मौन पाळले, एवढेच.

भाचीला फोन केला. "मामा, तिथे लेफ्ट जॉईन मारा." ही मंडळी जॉईन करीत नाहीत, मारतात, ध चा मा तेथवर पोहोचला आहे. लेफ्ट जॉईनमध्ये डावीकडे, म्हणजे आधी, ज्या टेबलाचे नाव घ्यावे त्यातील प्रत्येक जण निकालात राहतो, उजवीकडे जोडीदार मिळो वा न मिळो. न मिळाल्यास त्याच्यासमोर ‘नल’ असे येते. राईट जॉईनही आहे, पण ती मी कोणाला वापरताना पाहिलेली नाही. जे नाव डावीकडे लिहिता येते ते उजवीकडे कशाला लिहावे? मी लेफ्ट जॉईन मारली. अध्यक्ष परत आले. त्यांच्या नावासमोर ग्रंथाच्या रकान्यात नल.

या नलचा अर्थ मी कचेरीच्या सवयीने ‘निरंक’ असा लावला, आणि येथे माझा अनुभव मला प्रथमच आडवा आला. निरंक म्हणजे पाहिले, शोधले, काही नाही, खाली सही. नलमध्ये सही नाही. ती केवळ न भरलेली जागा. ती शून्याच्या बरोबर नाही, रिकाम्या शब्दाच्या बरोबर नाही, आणि ज्या गोष्टीने मी एक रात्र जागून काढली ती अशी की ती दुसऱ्या नलच्याही बरोबर नाही. अध्यक्षांचे नल आणि उपाध्यक्षांचे नल समान आहेत काय, असे विचारले तर यंत्र होय म्हणत नाही, नाही म्हणत नाही. ‘सांगता येत नाही’ म्हणते. खरे आणि खोटे यांच्यामध्ये हा तिसरा निकाल त्याला मान्य आहे. जैनांचा स्याद्वाद मी तरुणपणी वाचला होता. तो कार्यालयीन उपयोगाचा आहे असे तेव्हा वाटले नव्हते.

अध्यक्ष परत आले, पण सुखाने नांदू शकले नाहीत. अहवाल चालू वर्षापुरता हवा म्हणून मी यादीच्या शेवटी अट घातली: देवघेवीची तारीख १ एप्रिल किंवा त्यानंतरची. अध्यक्ष पुन्हा नाहीसे. कारण त्यांच्या समोरची तारीख नल. नल ही १ एप्रिलच्या नंतरची आहे काय? सांगता येत नाही. आणि ज्याविषयी सांगता येत नाही त्याला शेवटची चाळण आत घेत नाही. लेफ्ट जॉईनने पुढच्या दाराने सन्मानपूर्वक आणलेला पाहुणा माझ्या अटीने मागच्या दाराने घालविला होता. ती अट चाळताना नव्हे, सांधतानाच, म्हणजे सभासद क्रमांक जुळविण्याच्या ओळीतच, घालावी लागते. मग जुळणी चालू वर्षाच्या नोंदींशीच होते आणि ज्यांची झाली नाही ते जागच्या जागी राहतात. एका ओळीचे अंतर. अध्यक्षपदाचे भवितव्य याहून लहान कारणांवर अवलंबून असलेले मी पाहिले आहे, पण ते निवडणुकीत.

याहून भयंकर प्रसंग खजिनदारांवर आला. आमचे सभासद १,२००, अनामत प्रत्येकी २०० रुपये, एकूण २,४०,००० रुपये. हे त्यांना झोपेतही सांगता येते. त्यांनी सांधलेल्या यादीवरून अनामतीची बेरीज मागितली तेव्हा ती ७६,९०,००० निघाली. सांधण्याचा स्वभाव असा की ज्या सभासदाने ६३ पुस्तके नेली त्याची ओळ ६३ वेळा येते, आणि प्रत्येक ओळीबरोबर त्याचे २०० रुपयेही येतात. देवघेवीच्या नोंदी ३८,४५०, तितक्या वेळा २०० मोजले गेले. प्रथम त्यांच्या मुद्रेवर आनंद उमटला. मग त्यांच्या लक्षात आले की अनामत ही मिळकत नव्हे, देणे आहे, आणि ७६ लाख ९० हजार रुपये ते गावाचे देणे लागतात. त्यांना पाणी देऊन बसवावे लागले. आधी ज्याची त्याची देवघेव मोजून एकेक ओळ करावी आणि मगच सांधावे, हा उपाय सोपा आहे; पण तो सांगेपर्यंत त्यांनी राजीनाम्याचा मसुदा तयार केला होता.

टेबलांची नावे नुसत्या स्वल्पविरामाने जोडली आणि सांधण्याचा क्रमांकच द्यावयाचा राहिला तर प्रत्येक सभासदाची गाठ प्रत्येक ग्रंथाशी घातली जाते. १,२०० सभासद, १८,००० ग्रंथ, २ कोटी १६ लाख ओळी. आमच्या गावाच्या वाचनाभिरुचीची इतकी उज्ज्वल आकडेवारी पुन्हा मिळणे नाही, आणि ती अनुदानासाठी पाठवावी असा एक सूचक प्रस्ताव आलाही होता. चुकीचा क्रमांक दिला तरीही यंत्राचे समाधान ढळत नाही. एकदा मी सभासद क्रमांक दाखलअंकाशी सांधला. दोन्ही आकडेच, तेव्हा त्याने ते मुकाट्याने जुळविले, आणि माझ्या नावासमोर तान्ह्या बाळाच्या संगोपनाचा एक ग्रंथ आला. माझे वय ७१ आहे. कोणताही कारकून किमान हसला असता.

अखेर भाची स्वतः आली, तिने माझ्या प्रोसिजरा एकेक करून तपासल्या, त्यांतल्या दोन ठेवल्या, आणि तिच्या सांगण्यावरून मी प्रत्येकीच्या आरंभी अशी ओळ घातली की पासूनची तारीख पर्यंतच्या तारखेहून पुढची असल्यास काम थांबवून लाल अक्षरांत तसे सांगावे. म्हणजे आपला कारकून आता हुकुमाप्रमाणे कुरकुरतो. मला त्याचा सहवास पूर्वीपेक्षा पुष्कळ सुसह्य वाटतो. चहा तेवढा मी एकटाच घेतो.

निर्दोष यादी तयार होऊन सर्वसाधारण सभेत वाटली गेली. १,२०० नावे, एकही गळालेले नाही. अध्यक्षांनी चष्मा लावून आपल्या नावासमोरचा रकाना बराच वेळ पाहिला, हा नल कोणता लेखक, असे मला हळूच विचारले, आणि मी खरे ते सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः देवघेव खिडकीशी आले आणि त्यांनी एक जाड चरित्रग्रंथ आपल्या नावावर नेला. मुदत पंधरा दिवसांची होती. या गोष्टीला सात महिने झाले असून तो ग्रंथ अद्याप परत आलेला नाही.